मातीच्या रंगाचा डबा

रंगाच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक शेवटी एकच विचारतं, उठून दिसेल ना? महाडच्या बाजारपेठेतल्या आमच्या दुकानात वडिलांच्या काळापासून हाच प्रश्न. घराची भिंत उठून दिसली पाहिजे, ट्रकची फळी दिसली पाहिजे, गणपतीमागची कमान तर रस्त्याच्या पार पलीकडून दिसली पाहिजे. त्यामुळे धाकटा भाऊ अमेरिकेहून दिवाळीला आला आणि म्हणाला, "दादा, एक डबा असा रंगवून दे की समोर असला तरी कुणाला दिसता कामा नये," तेव्हा मी त्याला वेड्यातच काढलं.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. महाडला इंटरनेटचं दुकान नुकतंच निघालं होतं. मोबाईल पोलादपूरपर्यंत बोलायचा आणि घाट चढायला लागलं की मुका व्हायचा. भावानं हातात मावणारं एक यंत्र आणलं होतं, आकाशातल्या उपग्रहावरून आपण कुठे उभे आहोत ते आकड्यांत दाखवणारं. त्या यंत्राचा एक खेळ होता. कुणीतरी डबा लपवायचा आणि त्या जागेचे आकडे इंटरनेटवर टाकायचे. दुसऱ्या कुणीतरी ते आकडे घेऊन शोधत यायचं, डबा सापडला की आतल्या कागदावर सही करायची आणि डबा होता तसा ठेवून निघून जायचं.

"मग मिळतं काय?" मी विचारलं.

"सापडल्याचा आनंद."

मला हसावं की चिडावं कळेना. आमच्याकडे माणसं हरवलेली गुरं शोधायला डोंगर चढतात. असला आनंद कुणाला परवडतो, असं मी त्याला सुनावलं. माझा स्वभाव तसा तिरसटच आहे. बायको म्हणते, गिऱ्हाईक टिकलं ते रंगामुळे, माझ्या तोंडामुळे नाही.

पण डबा हातात आला आणि मी अडकलो. त्यानं दोन डबे आणले होते, एकात एक बसणारे, काचेसारखे आरपार दिसणारे, झाकणाला चारी बाजूंनी कड्या. असल्या गुळगुळीत प्लॅस्टिकला ऑइल पेंट धरत नाही. आधी पॉलिश पेपरनं घासून मोठा डबा आंधळा केला. मग काळी कापडी टेप. ती कात्रीनं कापायची नाही, हातानं फाडायची, कारण डोंगरात सरळ रेघ कुठेच नसते आणि डोळा नेमका सरळ रेघेवर जातो. झाकण आणि डबा वेगवेगळा मढवला. टेपवर रेड ऑक्साईडचा पातळ हात, त्यावर स्पंजनं काळ्याचे ठिपके, कडांना शेवाळी हिरवा. सगळं जमलं, पण एक गोष्ट जाईना. चमक. उन्हात धरला की डबा दात काढायचा.

तेव्हा वडिलांची युक्ती आठवली. गणपतीच्या देखाव्यात ते कागदाचे डोंगर करायचे, तेव्हा शेवटचा हात मैद्याच्या खळीचा द्यायचे आणि ओल्या खळीवर चाळलेली माती भुरभुरवायचे. खळ चमकत नाही. कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. मी तसंच केलं. परसातली लाल माती पिठाच्या चाळणीनं चाळली म्हणून बायकोची बोलणी खाल्ली. दोन उन्हं दाखवल्यावर डबा परसात ठेवला, तर तीच त्याला ठेचकाळली आणि म्हणाली, हा दगड कुणी आणून टाकला इथे? त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा नव्या घराला रंग देऊनही कधी झाला नव्हता. भाऊ म्हणाला, "काय हात आहे दादा तुझा!" धाकट्या भावानं, तेही अमेरिकेतल्या, केलेलं कौतुक. मी फुगलो, खोटं कशाला सांगू?

जागा दाखवली ती बाबांनी. बाबा म्हणजे पोलादपूरच्या वर, कुडपणच्या वाटेला असलेल्या एका वाडीतले शेळ्या-म्हशी पाळणारे गृहस्थ. वाडीचं नाव मी लिहीत नाही. महिन्यातून एखादा बाजार करायला ते महाडला उतरायचे, आमच्याकडे गेरू, खिळे, सुंभ घ्यायचे आणि परतीची एसटी येईपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसायचे. वडील असल्यापासूनचा रिवाज. माझ्याशी बोलताना शेठ म्हणायचे आणि मी रागावलो की हसायचे.

भावानं त्यांना डब्याचा बेत सांगितला. बाबांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि मला म्हणाले, "धाकलं शेठ लय शिकलं, नाय?" मी म्हटलं, "हो, जरा जास्तच." तिघेही हसलो.

त्यांच्या वाडीच्या वर डोंगराच्या धारेला एक भेगाळलेला कातळ आहे. खाली सावित्रीचं सगळं खोरं दिसतं. भावानं यंत्रात आकडे टिपून घेतले. आत विंचूकाटा असेल म्हणून बाबांनी स्वतःच खांद्यापर्यंत हात घालून डबा भेगेत सरकवला आणि पुढे दोन धोंडे लावले. डब्यात सह्यांचा कागद, एक पेन्सिल, किल्ल्या अडकवायच्या दोन साखळ्या आणि एक प्लॅस्टिकचं हरीण एवढंच होतं. भाऊ म्हणाला, "बाबा, हे कुणाला सांगायचं नाही बरं का. सांगितलं की खेळ संपला."

तो गमतीनं बोलला होता. बाबांनी मात्र खाली देवळाच्या दिशेला तोंड केलं, हात जोडले आणि म्हणाले, "नाय सांगायचा. गावदेवीची आन." भावाला ते इतकं आवडलं की त्यानं त्यांना पुन्हा हात जोडायला लावून फोटो काढला.

भाऊ गेला. डबा शोधायला एक कुत्रंही आलं नाही. अमेरिकेत म्हणे सुट्टीच्या दिवशी रांग लागते. इथे मुंबईच्या माणसाला पोलादपूर म्हणजे गोव्याच्या वाटेवर चहाला थांबायची जागा, तो कशाला डोंगर चढतोय? बाबा मात्र दर खेपेला पायरीवर बसले की आवाज बारीक करून सांगायचे, "हाय जागेवर." पावसानंतर पुढचे धोंडे घसरले होते, ते त्यांनी पुन्हा लावले. मी म्हणायचो, जाऊ द्या हो बाबा, त्याचा काय एवढा घोर? ते म्हणायचे, "सांबाळाया दिलाय ना?"

आता डुकरांबद्दल सांगायला हवं. वरच्या वाड्यांत नाचणी, वरी, भात तयार झालं की रानडुकरं उतरतात आणि एका रात्रीत शेत नांगरून जातात. त्यांना मारायला बंदी आहे. म्हणून काहीजण डुकराचा बॉम्ब लावतात. दोऱ्यानं आणि टेपनं आवळलेला, फुटणारा गोळा, वरून कणीक आणि सुकटीचा वास, त्याला माती फासून जनावराच्या वाटेवर लपवायचा. डुक्कर चावलं की जबडा जातो. कोण लावतं ते वाडीत सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणालाच ठाऊक नसतं.

पुढच्या वर्षी असा एक बॉम्ब म्हशीनं चावला. गावकीत ज्यांचा शब्द चालायचा, अशा कारभाऱ्यांची गाभण म्हैस. खालचा जबडा गेला. तिला खाता येईना, पाणी पिता येईना, आणि ती मरतही नव्हती. पोलादपूरहून गुरांचे डॉक्टर वर चढून येईपर्यंत ती गोठ्यात उभी होती. मी पाहिली नाही. बाबांनी सांगितलं आणि सांगताना त्यांचा हात आपोआप स्वतःच्या हनुवटीला गेला.

वाडीतले गडी कुत्री घेऊन डोंगर धुंडाळू लागले. कुत्र्यांना धारेवरच्या कातळात खळीचा वास लागला. धोंडे बाजूला केले तर आत काळ्या टेपनं मढवलेलं, माती फासलेलं, पिठाचा वास येणारं काहीतरी. हात लावायची कुणाची छाती झाली नाही. लांब काठीनं ओढून काढलं, वर काटक्या रचल्या आणि पेटवून दिलं. कड्या घट्ट लावलेला हवाबंद डबा आगीत फट्ट करून फुटला, झाकण उडालं. त्यांना एवढा पुरावा पुरे झाला. माझी टेप, माझी माती आणि वडिलांची खळ! ज्या युक्तीनं डबा दिसेनासा झाला तिच्याच वासानं तो सापडला. त्या खेळात आमचा डबा ज्यांनी शोधला ती माणसं एवढीच.

बाबांना त्या कातळाच्या भेगेत हात घालताना कुणीतरी पाहिलं होतं. बैठक बसली. देवळासमोर त्यांना उभं करून विचारलं, "काय व्हतं त्यात? कोनी ठेवलान?"

बाबा गप्प राहिले.

गावदेवीच्या पुढ्यात उभं राहून, तिची आण मोडून कसं सांगणार? दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहिल्या एसटीनं महाडला आले. मी शटर उघडत होतो. पायरीवर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "शेठ, धाकल्या शेठना इचारा. सांगू का आता?"

आजही हे वाक्य आठवलं की मला भावाचा राग येतो, त्या गावकीचा येतो आणि सगळ्यात जास्त बाबांचा येतो. अहो, सांगून टाकायचं ना! एका प्लॅस्टिकच्या डब्यासाठी कुणी असं गप्प राहतं? तिकडे रात्र असताना मी भावाला फोन लावला. तो झोपेत म्हणाला, "अरे सांगा की! त्यात काय?" मी बाबांना सांगितलं, तो सांगा म्हणतोय. बाबांनी मान हलवली. त्यांनी वर जाऊन सगळं खरं सांगितलं. पण पहिल्यांदा विचारल्यावर जो गप्प बसला त्याचं दुसऱ्यांदा कोण ऐकतो? एका दिवसात महाडला जाऊन शेठजींकडून पढून आला, असं ठरलं.

मग मी गेलो. मला वाटलं, मी बाजारपेठेतला प्रतिष्ठित माणूस, दोन शब्द सांगितले की मिटेल. भाऊ ठेवून गेला होता तो दुसरा, लहान डबा घेतला. काळी टेप, रेड ऑक्साईडचा छोटा डबा, स्पंज, घरून करून आणलेली खळ, मातीची पुडी, सगळं पिशवीत घातलं. वाडीनं मला मानानं खुर्ची दिली, चहा दिला. बाबा खांबापाशी जमिनीवर बसले होते, एकटे, त्यांच्या आसपास हातभर जागा मोकळी सोडलेली. मी सगळ्यांना सांगितलं, तो डबा मी रंगवला, माझ्या दुकानात, या हातांनी. खोटं वाटत असेल तर बघा. आणि त्यांच्यासमोर मांडी घालून मी दुसरा डबा करायला बसलो.

घासला. टेप फाडून लावली. ऑक्साईड, काळं, हिरवं, खळ, माती. काम चांगलं झालं. वाईट करायचं मला सुचलंच नाही. सगळे टक लावून पाहत होते. कारभाऱ्यांनी ओला डबा दोन बोटांत धरून फिरवला आणि शेजाऱ्याला दिला. तो म्हणाला, "हुबेहूब."

"पटलं ना?" मी विचारलं.

"शेठ, आत काय नव्हतं, मग माती कशाला फासलात?" कारभाऱ्यांनी शांतपणे विचारलं. "आमी डबा घेतला तर फळीवर ठेवतो. पाप नाय तर लपवायचा कशाला?"

"खेळ आहे तो."

"कोन आला खेळाया?"

कुणीच आलं नव्हतं.

"हात मातर चांगला हाय तुमचा," मागून एकजण म्हणाला. "बाबांना शिकवलात वाटतं."

माझं डोकं फिरलं. मी उभा राहून ओरडलो की बॉम्ब लावणारा कोण ते तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, तो इथेच बसून मला चहा पिताना बघतोय, आणि तुम्ही एका म्हाताऱ्याला धरलंय. सगळ्यांनी खाली पाहिलं. तेव्हा मला वाटलं, त्यांना लाज वाटली. नंतर कळलं की शहरातल्या शेठनं येऊन अख्ख्या वाडीला चोर म्हटलं, असा त्याचा अर्थ झाला. मी सामान तिथेच टाकून निघालो. बाबा वेशीपर्यंत आले आणि म्हणाले, "तुमी आलात, लय झालं." मी त्यांच्याकडे पाहिलंही नाही, इतका संतापलो होतो.

बाबांना वाळीत टाकलं. ज्यांना हे ऐकूनच ठाऊक आहे त्यांना वाटतं, फक्त बोलणं बंद होतं. बोलणं तर बंद होतंच. पण विहिरीवर बाई गेली की बाकीच्या बायका कळशा उचलून बाजूला होतात. शेळ्या एकत्र सोडत नाहीत. भाताच्या लावणीला कुणी हात देत नाही. लग्नाचं आमंत्रण नाही, बारशाचं नाही. मी म्हटलं, पोलिसांत जाऊ. बाबा म्हणाले, "पोलीस येतील नि जातील, शेठ. मना हितंच ऱ्हायाचंय." त्यांचा मुलगा मुंबईत वॉचमन होता. तो न्यायला आला, तर त्याला म्हणाले, "शेरडा कुटं बांदू तुज्या खोलीत?"

भावाचा फोन आला. म्हणाला, "दादा, मी तो डबा साइटवरून काढून टाकला." त्याचा आवाज खरोखर दुःखी होता. मी म्हटलं, बरं केलंस. आणखी काय बोलणार? त्याच्याकडून तेवढंच निघण्यासारखं होतं.

शिमग्याला देवीची पालखी दारोदार फिरते, तेव्हा तरी गावकी विरघळेल असं बाबांना वाटत होतं. त्यांच्या बायकोनं, त्यांना मी मावशी म्हणायचो, अंगण सारवलं, रांगोळी काढली. बाबा धुतलेलं धोतर नेसून ताट घेऊन उंबऱ्यात उभे राहिले. ढोल शेजारच्या अंगणापर्यंत आला. मग पालखी वळली आणि खालच्या आळीला गेली. ताटातलं निरांजन विझेपर्यंत बाबा तिथेच उभे होते, असं मावशींनी मला नंतर सांगितलं. त्यानंतर ते बाजारालाही येईनासे झाले. एसटीत वाडीची माणसं असायची आणि ती त्यांच्या शेजारून उठायची, म्हणून. मी दोनदा निरोप पाठवला. स्वतः वर जायचं मात्र लांबणीवर टाकत राहिलो. त्या वाडीची वाट चढायची म्हटलं की माझं डोकं दुखायचं.

श्रावणात मुलाचा फोन आला, बाबा गेले. खांद्याला माणसं नाहीत.

मी दुकानातली दोन माणसं घेतली. जीप जाते तिथवर गेलो, पुढे चिखल तुडवत चढलो. मुलगा आणि त्याच्यासोबत मुंबईहून आलेला एक मित्र, एवढेच अंगणात होते. लाकडंही त्या दोघांनीच फोडली होती. वाडीची दारं उघडी होती, लोक ओट्यांवर बसून होते, पण आमच्याकडे कुणी बघत नव्हतं. तिरडीची बांधाबांध चालली होती तेव्हा मी बाजूला ओट्याच्या कडेला टेकलो. हाताला काहीतरी लागलं.

प्लॅस्टिकचा डबा होता, झाकण उघडं. आरपार दिसणारा, पण अंगभर ओरखडे. कड्यांच्या बेचक्यात लाल रंग अडकून राहिला होता. तो रंग मी ओळखला.

"तुमी त्या दिशी टाकून गेलात तो," मावशी म्हणाल्या. "त्यांनी उचलून आनलान. राखंनं घासला, मंग वाळूनं, मंग कोयत्याच्या टोकानं. बोटं सोलली. म्हनले, दिसू दे आत काय नाय ते. रोज सकाळी झाकन उघडून हितं ठेवायचे. वाटेवरनं जानारा बघील म्हनून."

"बघितलं कुणी?"

"नाय. हितनं जाताना मान फिरवायचे."

आम्ही बाबांना नेलं. पाऊस थोडा थांबला होता, तरी लाकडं धुमसत राहिली, फार वेळ लागला. परत आलो तेव्हा डबा ओट्यावर तसाच होता आणि त्यात पावसाचं पाणी साचलं होतं. मावशींनी ते अंगणात ओतलं, पदरानं आतून पुसलं. मग डबा आणि झाकण दोन्ही हातांत धरून माझ्याकडे वळल्या.

"शेठ," त्या म्हणाल्या, "लावू का आता झाकन?"

मी हो म्हणालो. घासून घासून कड्या वाकल्या होत्या, त्यांना त्या लावता येईनात. मग मी डबा हातात घेतला आणि चारही कड्या एकेक करून लावून दिल्या.